धैर्यशील, त्याला सांग

पलटणीतून सिग्नलचा हवालदार म्हणून रिटायर होऊन नाथाजी तासगावजवळच्या आपल्या गावी आला, आणि दिवस खायला उठला. मग त्याने नवा नाद धरला. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, बोटभर अँटेनाची रेडिओपेटी मोबाईलला जोडायची, की टॉवर नको, रिचार्ज नको. संदेश या पेटीतून त्या पेटीत उड्या मारत जातो. त्याने दोन पेट्या आणल्या, आणि पहिला संदेश स्वयंपाकघरात बसलेल्या बायकोला पाठवला. चंद्राबाई ओरडली, "आवं, दहा पावलांवर हाय मी. हाक मारा की!"

टेकडीपलीकडचा त्याचा पलटणीतला दोस्त धैर्यशील ती दुसरी पेटी घ्यायला राजी झाला, पण संदेश टेकडी चढेना. मधे माथ्यावर एक पेटी हवी, आणि तिथं होती थोरल्या भावाची, भाऊसोची, बेदाण्याची शेड. आणि बांधावरच्या बाभळीवरून दोघा भावांचा नऊ वर्षं अबोला. थोरल्यानं एकदा हाक मारावी म्हणून नाथाजीचा जीव तुटायचा. पण आपण होऊन बोलायचं? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत.

शेवटी चंद्राबाईच तिसरी पेटी घेऊन गेली. भाऊसो म्हणाला, "बसवा शेडवर. पर मी त्याच्याशी बोलणार न्हाई."

आता ज्याच्याकडे पेटी, त्याच्या मोबाईलवर सगळ्यांचे संदेश दिसतात. चौथ्या दिवशी नाथाजीने लिहिलं, "धैर्यशील, काही लोकांच्या शेडचा पत्रा उचकटलाय." लगेच भाऊसोचं उत्तर, "धैर्यशील, त्याला सांग, पत्रा माझा हाय." एका संदेशात मराठी अक्षरं मावतात साठ-सत्तर, म्हणून भांडणही मोजूनमापून. नऊ वर्षांची उणीदुणी अशी तुकड्यातुकड्यांनी धैर्यशीलच्या माथी आली. बिचारा जेवतानाही तेच वाचायचा. अखेर त्याने लिहिलं, "गड्यांनो, मी लेकीकडं साताऱ्याला चाललो. पेटी बंद."

दोन दिवस मोबाईल मुका. नाथाजीला भाकरी गोड लागेना. आता बोलायचं तरी कोणाच्या नावानं?

तिसऱ्या दिवशी दुपारी संदेश आला: "धैर्यशील, नाथाला सांग, वहिनीनं पोळ्या केल्यात. ताट वाढलंय."

नाथाजीने तो तीनदा वाचला. चंद्राबाईही वाकून बघत होती. "आवं, पर धैर्यशील भावजी तर साताऱ्याला गेल्यात न्हवं?"

"गप गं," नाथाजी डोळे पुसत म्हणाला, आणि त्याने उत्तर लिहिलं: "धैर्यशील, दादाला सांग, निघालो."