एकशे साठवरचा काटा

“मी भट्टीच्या खालच्या झडपेला हातसुद्धा लावला नाही,” ऑरिन म्हणाला. “जावईबापूंना विचार. त्यांनाच सगळ्याची घाई असते.”

“मी आत्ता कामावरून येतोय, पप्पा!” गार्थ बूट काढता काढता ओरडला. “उगाच माझ्यावर कशाला ढकलता?”

ऑरिनच्या बायकोने, व्हर्नाने, ताटातली हरणाच्या मांसाची पट्टी उचलून वाकवली. नीट सुकलेली पट्टी वाकते, तिला चीर पडते, पण तुटत नाही. ही काडीसारखी मोडली. वरून करपलेली, आत ओलसर. हवेची झडप सताड उघडी राहून आच भडकली होती.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या त्या टेकड्यांमध्ये ऑरिन प्रॅटच्या सुक्या मांसाला चाळीस वर्षं नाव होतं. नोव्हेंबरात शिकार झाली की शेजारीपाजारी मांस त्याच्याकडेच आणून टाकत. भट्टीच्या कडेने कोळशांची साखळी मांडायची, एकच टोक पेटवायचं, वर धुरासाठी हिकरीच्या लाकडाचे दोन तुकडे, झडप नखाएवढी उघडी. मग सहा तास तो खुर्ची टाकून तिथेच. आच एकशे साठ अंश फॅरनहाइटच्या वर गेलेली त्याला खपत नसे. असा माणूस झडप विसरेल?

विसरला नसेल. त्याला दिसलीच नसेल, असं व्हर्नाला महिनाभर वाटत होतं. पेपर तो नुसता उलटायचा. चर्चमध्ये पुस्तक उघडं धरून पाठ असलेल्या ओळी म्हणायचा. कॉफी कपाबाहेर सांडली की कपालाच शिव्या. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की गुडघा दुखायला लागायचा. आणि लेक लोर्नाच्या सात वर्षांच्या मुलीला, मेसीला, रोज सकाळी तोच पिकअपमधून शाळेत सोडायचा. वाटेत दोन अरुंद पूल.

रविवारी दुसरा घाणा लागला. ऑरिन पाणी प्यायला आत गेला तेवढ्यात व्हर्नाने झाकणाच्या भोकात खोचलेला थर्मामीटर ओढून काढला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

तो परत आल्यावर तिने विचारलं, “काटा कुठे आलाय रे?”

तो गुडघ्यावर हात ठेवून वाकला. झाकणाजवळ तोंड नेऊन जरा वेळ बघत राहिला.

“एकशे साठ,” तो म्हणाला. “अगदी बरोबर. बघ, तू उगाच काळजी करतेस.”

“बरोबर एकशे साठ?”

“एका अंशाचा फरक नाही. मला शिकवतेस का आता?”

थर्मामीटरची ऊब तिला एप्रनमधून मांडीला लागत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो धुराकडे बघत होता, निदान तोंड तिकडे होतं.

तिने थर्मामीटर काढून त्याच्या तळहातावर ठेवला. ऑरिनने तो बोटांनी चाचपला आणि मूठ मिटली.

“लोर्नाला सांगू नकोस,” तो म्हणाला.

जेवायला सगळे बसल्यावर व्हर्नाने मक्याच्या पावाचं भांडं मधोमध ठेवलं, पण स्वतः बसली नाही.

“उद्यापासून मेसीला शाळेत मी सोडणार,” ती लेकीला म्हणाली. “पिकअपची किल्ली माझ्याकडे राहील. आणि मंगळवारी ऑरिन माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतोय.”