दादाच्या रक्तातला ठिपका

लहान पांढरा उंदीर, मोठा उंदीर आणि माणूस, तिघांच्याही गुणसूत्रांवर एकच जनुक नेमकं कुठे बसलंय हे शोधणं, एवढंच माझ्या पीएचडीचं काम होतं. जनुकाचा तुकडा चमकत्या रंगाने रंगवून काचपट्टीवर सोडायचा. सूक्ष्मदर्शकाखाली जोडीतल्या दोन्ही गुणसूत्रांवर, एकाच जागी ठिपका उजळायचा. उंदरांचं जमलं. माणसाचं रक्त आम्ही सगळेच घरून आणायचो. मी दादाचं घेतलं.

"उंदरांच्या पंगतीत माझ्या नवऱ्याला नेऊन बसवून राहिले भाऊजी," त्याच्या दंडावर कापूस दाबत वहिनी हसली. तोवर तिचे दोन गर्भ गेले होते.

दादाच्या पेशींत एक ठिपका जागेवर होता, दुसरा भलत्याच गुणसूत्रावर. सगळ्या पेशींत. सरांना वाटलं, काचपट्ट्यांची अदलाबदल झाली असेल. मी पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. दोन गुणसूत्रांनी आपसात तुकडे बदलले होते. असा माणूस ठणठणीत असतो, पण त्याच्यापासून राहिलेले गर्भ टिकणं अवघड, हे मला तेव्हाही पाठ होतं.

मी त्या काचपट्ट्या फेकल्या आणि स्वतःचं रक्त काढलं. माझे ठिपके जागेवर निघाले. प्रबंध झाला.

घरी सांगितलं नाही. काहून, ते आता लिहितो. आई वहिनीला बोलायची ते मला ऐकवत नसे. पण तेच दादाच्या वाट्याला आलं असतं, तर ते मला त्याहून जड गेलं असतं. तिसरा गर्भ गेला, तेव्हा आईने तिला सोमवार धरायला लावले. उपाशीपोटी नर्मदेच्या ग्वारीघाटावर दिवा सोडून ती यायची आणि माझा डबा भरायची. मी तो घेऊन प्रयोगशाळेत जायचो.

आई जाऊन वर्ष झालं. परवा दादाच्या खमरियातल्या सरकारी क्वार्टरमध्ये वहिनी मेथी निवडत होती. बोलता बोलता म्हणाली, माझ्या अंगातच काही कमी असेल. मग मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगितलं.

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"तेव्हा मी अठ्ठावीसची होती, भाऊजी."

तिने हाक मारून दादाला आतल्या खोलीतून बोलावलं आणि मला म्हणाली, "आता यांच्यासमोर सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दादा स्टुलावर बसून ऐकत होता. संपल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्यामुळे?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "तुमच्यामुळे कसं जी? जन्मापासूनच असते ते. तुम्ही थोडीच केलं."

पंचवीस वर्षं तिला हे कोणीच म्हटलं नव्हतं. मीही नाही.