फसलीची तारीख

कायदा मी पुण्यात शिकलो आणि वकिली करायला निजामाच्या राज्यात, धाराशिवला परत आलो. इथल्या कोर्टात कामकाज उर्दूत आणि तारखा फसली सनाच्या. महिन्यांची नावंसुद्धा इराणी, दै आणि बहमन अशी. उर्दू मी जिद्दीनं शिकलो, पण तारखांच्या बाबतीत पुण्याची ऐट आडवी आली. कोर्टानं दिलेली तारीख बोटांवर मोजून मी डायरीत इंग्रजी महिन्यातच टिपायचो. ज्या म्हाताऱ्या वकीलसाहेबांच्या हाताखाली मी होतो, ते म्हणायचे, "मियाँ, जशी दिली तशीच लिवा." मी कसला ऐकतोय!

अणदूरच्या एका विधवा बाईचा दावा माझ्याकडे होता. सामाईक विहिरीवरची तिची मोट दिरानं बंद पाडली होती आणि पाण्यावाचून तिचा मळा वाळत चालला होता. तारखेसाठी ती आदल्या दिवशीच बैलगाडीनं निघून आली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोर्टात गेलो, तर शिपाई म्हणाला, "वकीलसाब, तुमची तारीख काल झाली. पुकारलं, कुणीच न्हाय. दावा खारीज." मोजताना मी एक दिवस जास्त धरला होता.

चूक माझी आहे, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं आणि ती पायरीवर मटकन बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तसाच वकीलसाहेबांकडे गेलो, डायरी टेबलावर आपटली आणि म्हणालो, "हे काम मला जमणार नाही." राग माझा माझ्यावरच होता, आवाज मात्र त्यांच्यावर चढला.

त्यांनी चहा माझ्यापुढं सरकवला. "पहिल्या साली म्या पाव घंटा समोरच्या पार्टीच्या बाजूनं बहस केली," ते म्हणाले. "मुन्सफसाहेबांनीच थांबवलं. चहा घ्या, मग अर्ज लिवू." मला इतकं हसू फुटलं की चहा सदऱ्यावर सांडला.

खारीज झालेला दावा पुन्हा चालवा, अशा अर्जात वकिलाला ताप आला होता असं लिहायची रीतच होती; हकिमाची चिठ्ठीही सहज मिळे. साहेबांनी मला तसं लिहू दिलं नाही. "त्या बाईचा मळा तुमच्या खोट्या तापावर उभा करता?" मग मी खरं तेच लिहिलं: तारीख मोजताना मी चुकलो, बाईंचा काही दोष नाही. मुन्सफांनी अर्ज वाचला, डायरी मागवून पाहिली, मला चार शब्द सुनावले आणि दावा पुन्हा चालवायला घेतला.

बाहेर आल्यावर मी बाईंना म्हणालो, "तुम्ही दुसरा वकील करा. कागद मी देतो."

"नगं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं आजून चुकायचं असंल. तुमचं चुकून झालंय."

त्याच उन्हाळ्यात त्यांची मोट सुरू झाली. पुढं मी पुष्कळ दावे जिंकले, पण माझ्या वकिलीबद्दल इतकं चांगलं पुन्हा कुणी बोललं नाही.