आमच्या चर्चची कमान उतरवली तेव्हा

किस्से काही ठरवून जमवता येत नाहीत. आठ महिने तीच चार माणसं एका कामावर राबली की ते आपोआप साचतात, आणि सांगायला बसलं की आधी कुठला सांगू असं होतं.

मी ड्रॉइंगचा मास्तर, भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावच्या चर्चच्या शाळेतून रिटायर झालेला. चर्चची दुरुस्ती निघाली तसं फादर अंतोननी बोलावलं. "सर, दगड हलवायच्या आधी एकेका दगडाचं चित्र पाहिजे. कोणता कुठं होता, ते विसरायला नको."

मी ख्रिस्ती नाही. पण तीस वर्षं पोरांना त्याच चर्चचं चित्र काढायला लावलं होतं. पहिल्या दिवशी भिंतीची जाडी बघायला खिडकीत हात घातला. खांद्यापर्यंत गेला, तरी बोटं बाहेर निघेनात. एवढ्या जाडीचा काळा दगड, आणि मला पत्ता नव्हता.

फादर म्हणाले, "म्हणून तर आत रेंज येत नाही. रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सेला, निम्मे लोक भक्तीनं येतात, निम्मे फोन वाजू नये म्हणून."

*

दुरुस्ती निघाली ती मुळात योहानआबांमुळं. आबांना दिसत नाही. दर रविवारी ते शेवटच्या बाकावर बसून गाणी ऐकतात. एकदा मिस्सा संपल्यावर फादरांना म्हणाले, "फादर, गाणं गळून राह्यलं."

"म्हणजे?"

"वेदीच्या डाव्या हाताला. पहिले भरून यायचं. आता तिकडून थोडं निघून जाऊन राह्यलं."

इंजिनिअर येऊन पाहून गेला. भिंतीवर केसाएवढाही तडा नव्हता. तो हसला. फादरांच्या मनातून मात्र ते जाईना. त्यांनी कचरू मिस्त्रींना बोलावलं. दगड-चुन्याचं जुनं काम येणारा आमच्या भागात तेवढा एकच माणूस. कचरूभाऊ शिडीवर चढले आणि हातोडीच्या दांड्यानं गिलावा ठोकत गेले. एका जागी थांबले. तिथला गिलावा पाडला, तर मागं वेदीपुढच्या मोठ्या कमानीला भेग. त्यांनी हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला.

आबा खाली बाकावरच बसले होते. कचरूभाऊंनी उतरून त्यांचे पाय धरले.

आबांनी विचारलं, "हात कितीक गेला?"

"मनगटापर्यंत."

"मला वाटलं कोपरापर्यंत जाईल."

पुढं कमान उतरवली तेव्हा भेग आतून मोजली. कोपरापर्यंतच होती.

*

आतल्या खांबांवर ऑइलपेंटचे थरावर थर. कचरूभाऊ एका खांबाचं बूड खरवडत बसले होते. दुपारी त्यांनी आम्हाला हाक मारली. रंगाखाली दगडात कोरलेल्या पाकळ्या निघाल्या होत्या. कमळ!

फादर बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. चर्च बांधणारे पहिले फादर परदेशातून आलेले. त्यांनी हे कसं चालू दिलं असेल, असं फादरांनी विचारलं.

कचरूभाऊ म्हणाले, "गवंडी इथलेच असतील ना. जिंदगीभर देवळंच बांधली त्यांनी. त्यांना सांगितलं असंल, देवाचं घर बांधा. त्यांनी बराबर देवाचं घर बांधलं."

मार्थामावशी चर्च झाडायच्या. त्या फडकं घेऊन मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "आठ पाकळ्या हायेत. दारापाशी जो खांब हाये ना, त्याला सातच."

फादरांनी विचारलं, "मावशी, रंगाखालचं तुम्हाला कसं दिसलं?"

"दिसलं कुठं? फडक्याला लागतंय."

दाराजवळचा खांब खरवडायला दोन दिवस गेले. सात निघाल्या.

*

चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायची कचरूभाऊंच्या वडिलांची रीत. इंजिनिअरनं वही उघडून प्रमाण विचारलं. कचरूभाऊ म्हणाले, "हाताच्या अंदाजाचं."

गूळ गावानं दिला. ख्रिस्ती घरांतून आला, कचरूभाऊंचे नातेवाईक राहतात त्या बौद्ध वस्तीतून आला, धनगरगल्लीतूनही आला. नवा गिलावा झाला आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्यांची रांग. फादर काळजीत पडले.

"राहू द्या, फादर," कचरूभाऊ म्हणाले. "गूळ असली हाये, त्याची पावती हाये ती."

मुंग्या आपल्या आपण गेल्या. महिनाभरानं इंजिनिअरनं खिळा ठोकून पाहिला. खिळा वाकला.

*

शेवटी सेंट्रिंग काढायचा दिवस आला. माझ्या चित्रांवरचे नंबर बघून कमानीचा दगड न् दगड पुन्हा बसवला होता. खालून लाकडी आधार होता. तो काढला की कमान आपल्या बळावर उभी राहणार, नाहीतर खाली येणार. सकाळी कचरूभाऊ मला एकट्याला म्हणाले, "मास्तर, माझ्या बापानं अशी कमान बांधली, ती मी पाह्यली. मी कधी बांधली न्हाई."

चहा तसाच ठेवून ते आत गेले.

इंजिनिअरनं सगळ्यांना बाहेर काढलं. आम्ही अंगणात, उघड्या दारासमोर. आत कचरूभाऊ एकटे. तेवढ्यात त्यांची बायको, सुमनबाई, डबा घेऊन आली. आम्ही अडवायच्या आत ती आत गेली आणि कमानीखालच्या पायरीवर बसली.

"तू भायेर जाय," कचरूभाऊ म्हणाले.

"काऊन?"

"कमान सोडून राह्यलो."

"पडन का?"

कचरूभाऊंनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "न्हाई," ते म्हणाले.

"मंग मी काऊन जाऊ?" तिनं डबा उघडला.

त्यांनी लाकडी आधाराखालची पहिली पाचर ठोकून काढली. मग दुसरी. फादरांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठले. शेवटची पाचर निघाली, लाकूड मोकळं झालं आणि वर दगडाला दगड घासल्याचा आवाज आला. कमान सूतभर खाली बसली आणि थांबली. सांध्यातून बारीक भुकटी सुटली, ती थेट डब्यात पडली.

सुमनबाईनं भाकरीवर फुंकर मारली, तिचे दोन तुकडे केले आणि एक वर धरला. "या. हात धुतले का?"