न फिटलेली सावड

रघू आमच्या पडवीत येऊन उभा राहिला, तेव्हा अण्णाला जाऊन महिना होत आला होता. "कोनी कळवलंच नाय, ताई," आधी एवढंच म्हणाला. खरं होतं. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना निरोप गेले. रघूकडे मी धाडलेला माणूस मात्र भावकीने आमच्या कडावच्या नाक्यावरूनच परत फिरवला. का, तर त्याचं नातं काय? रघू हे त्याचं खरं नाव नाही. ते छापायची आज, २००५ सालीही, सोय नाही, कायदा अजून तोच आहे.

अण्णा, माझा थोरला भाऊ, कर्जतला शाळेत गणित शिकवायचा. रघू खालापूरकडचा, भाताच्या गिरणीत कामाला. दोघे एका भाड्याच्या खोलीत राहायचे. रविवारी मी गेले की रघू सुकटीचं कालवण करायचा. अण्णा "खारट झालंय" म्हणून कुरकुरायचा आणि एक भाकरी जास्तच खायचा. इतकं हसरं घर मी आमच्या नात्यात दुसरं पाहिलं नाही. काय ते मला कळलं होतं, आणि कळून काही बिघडलं नव्हतं.

मग कुणीतरी शाळेच्या कमिटीचे कान भरले. राजीनामा द्या, नाहीतर पोलिसांत जातो, असं त्याला सांगितलं. शिकवण्यात खोट काढायला जागाच नव्हती. मी तावातावाने अण्णाला वकिलाकडे नेलं. वकील भला माणूस होता. सगळं ऐकून त्याने आधी दार लोटून घेतलं. "मास्तर, नोकरी परत मागाल तर ती का गेली हे कोर्टात निघणार. आणि ते निघालं की तुम्ही फिर्यादी राहत नाही, आरोपी होता. तुमच्याबरोबर तोही." कलम ३७७ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, असंही म्हणाला... चोराला काढून टाकलं तरी त्याला दाद मागता येते. माझ्या भावाला तोंडही उघडता येत नव्हतं. अण्णाने राजीनामा दिला. मला त्या शाळेचा आजही संताप येतो, आणि कायद्याचा त्याहून जास्त.

अण्णा कडावला शेतावर आला, रघू आपल्या गावी गेला. भेटायची चोरी झाली. रघू सहज म्हणून आला तरी शेजारच्या ओटीवर कुजबुज सुरू व्हायची. वाट उरली ती एकच, सावडीची. लावणीत तुम्ही माझ्या भाताच्या खाचरात राबलात की मी तुमच्या खाचरात राबायचं, ही आमच्याकडची रीत; सावड फेडायला आलेल्या माणसाला कुणी अडवत नाही. मग दर पावसाळ्यात रघू आमच्याकडे यायचा, अण्णा त्याच्याकडे जायचा. दोघांची एक खोड होती. निघताना खाचराचा एक कोपरा न लावता तसाच ठेवायचे. चुलते ओरडायचे, "मास्तर, येवढं कशाला ठेवलंस रं?" अण्णा म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या, सावड पुरी फिटली नाय पायजे." गावाला वाटायचं, शिकलेल्या माणसाची गंमत. वर्षभराच्या कोंडीत त्यांना तेवढेच दिवस उजळ माथ्याने मिळायचे.

परवा पडवीत रघू म्हणाला, "मास्तरांची सावड हाय माज्यावर. फेडून जातो." खुंटीवरचं अण्णाचं इरलं त्याने विचारून घेतलं. हल्ली सगळे प्लास्टिक पांघरतात. अण्णा मात्र दरवर्षी त्याच इरल्याला नवी पानं लावायचा. ते पाठीवर घेऊन रघू दिवसभर चिखलात वाकून होता. चुलते बांधावरून बघत होते, पण त्यांनी अडवलं नाही. सावड होती ना! रडायची त्याला कुठेच सोय नव्हती. इरल्याखाली तोंड दिसत नाही, एवढं बरं.

तिन्हीसांजेला त्याने इरलं पुन्हा खुंटीला अडकवलं, पाय धुतले आणि चहासुद्धा न घेता स्टेशनकडे निघाला. मी खाचराकडे गेले. सगळी लावणी झाली होती. वरच्या बांधाजवळचा कोपरा तेवढा मोकळा होता, आणि बांधावर रोपांची एक मूठ तशीच ठेवलेली होती.