लॅपटॉप निजवणारा शेजारी

आमच्या सोसायटीत सांगतात की, वरच्या मजल्यावरच्या पाथर्डीकराचे काम परदेशी लोकांनी नापास केले. हे साफ खोटे आहे. मी आयुष्यभर नगरच्या कोर्टात वकिली केली. ऐकीव साक्ष मी मानत नाही.

झाकण मिटल्यावर झोपलेला लॅपटॉप कधीकधी पुन्हा जागा होत नाही, पडदा काळाच राहतो. लॅपटॉप चालवणारी ही कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, देशोदेशीचे लोक मिळून घडवतात; तिच्या गाभ्यातला हा दोष काढणे, हा त्या गृहस्थाचा उद्योग. दिवसभर झाकण मिटायचे, खिडकीबाहेर पाहायचे, पुन्हा उघडायचे. पडदा उजळला तरी तो हसत नसे. "एकदा उठला म्हंजी बरा झाला असं न्हाई, वकीलसाहेब," एवढेच म्हणे.

त्याची दुरुस्ती जगभर स्वीकारली गेली, तेव्हा सोसायटीने पेढे वाटले. पुढे त्याने ती माझ्या जुन्या लॅपटॉपवरही घातली आणि आजवर बिनतक्रार जागा होणारा तो लॅपटॉप उठेना.

"अरे, माझा हा खटारा सोड. दुसऱ्या कुणाची तक्रार आहे का?"

"न्हाई. पर तुमचा आधी उठत हुता, माझ्यामुळं निजला. मग ही दुरुस्ती कसली?"

माझ्यासमोर बसूनच त्याने आपली दुरुस्ती काढून टाकण्याची विनंती त्या देशोदेशीच्या मंडळींना लिहून पाठवली. पुढे तो दोष दुसऱ्याच कुणाच्या नावावर दूर झाला.

हे मी सोसायटीला वारंवार सांगतो. लोक त्याच्याकडे पाहतात, आणि तो खाली पाहून चहा पितो. अशिलाचे असे मौन मी कोर्टात कधीही खपवून घेतले नसते.