रंगमास्तरांची दुपारची साखर

सबंध सोलापुरात लघवीच्या तपासणीवरून हमरीतुमरीवर येणारा माणूस एकच होता, आणि दर मंगळवारी तो माझ्याच वाट्याला यायचा. बाकीचे लोक बाटली कागदात गुंडाळून, इकडेतिकडे बघत टेबलावर ठेवायचे आणि काही न बोलता निघून जायचे. हे गृहस्थ मात्र ती दोन बोटांत उंच धरून भर रस्त्यानं चालत यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "ए बार्शी, दिवा पेटीव!" मी मूळचा बार्शीचा. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, त्यांना त्याची गरजही वाटली नाही. दत्त चौकाजवळच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत मी रक्त-लघवी तपासण्याचं काम करायचो. ते साखर पेठेत राहायचे आणि एका चादरीच्या कारखान्यात सूत रंगवण्याच्या खात्याचे प्रमुख होते, म्हणून सगळं गाव त्यांना रंगमास्तर म्हणायचं. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि रागाला या दोन्ही भाषा अपुऱ्या पडल्या की कानडी, अशी त्यांची व्यवस्था होती.

त्या काळी लघवीतली साखर बघायची रीत अशी होती: काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त, नारिंगी झाला तर बरीच, आणि विटकरी झाला तर विचारूच नका. आता ज्या माणसानं तीस वर्षं रंगाच्या वाफेत उभं राहून काढली, त्याच्यासमोर नळी धरून मी 'हिरवा' म्हणायचं म्हणजे गवयासमोर शिट्टी वाजवण्यासारखं होतं. "हिरवा? कुटला हिरवा?" ते नळी माझ्या हातातून ओढून घ्यायचे, उजेडाला धरायचे, डोळा बारीक करायचे. "हा पोपटी हाय. पोपटी आन् मेंदी तुला एकच वाटतंय का? तुझ्या वहीत बघून मी सूत रंगवलं तर मालक मला हाकलून देईल की!" मग मी वहीत 'हिरवा' खोडून 'पोपटी' लिहायचो. माझ्या त्या वहीत 'हळदी', 'केशरी', 'कच्चा शेंदरी' असे शेरे आजही असतील. ते वाचून डॉक्टरांनी काय अर्थ लावला असेल, देव जाणे.

राग हा त्यांचा आजार नव्हता, राग हा त्यांचा स्वभावही नव्हता, तो त्यांचा रोजचा व्यायाम होता. टांग्याचा घोडा हळू चालतो म्हणून ते टांगेवाल्याला न बोलता थेट घोड्यालाच बोलायचे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची लाल शाई फुटलेली दिसली की त्यांचा चहा निवायचा. एकदा एका लग्नात नवरीच्या शालूकडे बघून, मंगलाष्टकं चालू असताना, ते मोठ्यानं म्हणाले होते, "पैल्या धुण्यात उतरनार हाय." आणि तो रंग पहिल्या धुण्यात उतरला, हे वधूपित्यानं त्यांना कधी माफ केलं नाही.

अशा माणसाच्या अंगावर पाण्याचे फोड उठू लागले. आधी तोंडात, मग छातीवर, मग पाठभर. फोड फुटला की खालची कातडी उघडी पडायची, सदरा चिकटून बसायचा. हा रोग संसर्गाचा नव्हता, पण कारखान्यात शेजारचे लोक दोन हात लांब उभे राहू लागले. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी स्टिरॉईडच्या गोळ्या सुरू केल्या. रोज सकाळी न्याहारीनंतर मूठभर. फोड सुकले, जीव वाचला, आणि गोळ्यांनी आपली किंमत वसूल करायला सुरुवात केली. चेहरा गोल गरगरीत झाला, मान फुगली, भूक इतकी वाढली की जेवून उठतानाच पुढच्या जेवणाची चौकशी. आणि लघवीत साखर. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी थोडं चिडायलाही होतं बरं का." त्यावर मास्तर उसळून म्हणाले, "राग माजा सोताचा हाय डॉक्टरसाहेब! तो गोळीच्या नावावर घालू नका!"

पथ्य त्यांनी पाळलं ते सूडबुद्धीनं. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती, साखर रेशनवर मिळायची. आपल्या वाट्याची साखर त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकली. चहा कोरा, तोही तोंड वाकडं करून. भात बंद. बायकोला, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, त्यांनी हुकूम सोडला की घरात गुळाचा खडा दिसला तर खबरदार. आणि मग त्यांच्या धाकट्या मुलीचा साखरपुडा आला. होणाऱ्या व्याह्यांनी मोठ्या प्रेमानं पेढा त्यांच्या तोंडाजवळ नेला. मास्तरांनी तोंड मिटून घेतलं. व्याह्यांनी आग्रह केला. मास्तर म्हणाले, "वद्दु!" म्हणजे नको. व्याह्यांनी हसत हसत पेढा ओठांवर टेकवला, तसा मास्तरांनी तो हातानं उडवला. तो जाऊन पडला विहीणबाईंच्या ओच्यात. साखरपुडा मोडता मोडता राहिला. अक्कानं दोन्ही हात जोडून सगळ्यांची समजूत घातली. ओठाला लागलेला पेढ्याचा कण मास्तरांनी बाहेर जाऊन चूळ भरून थुंकून टाकला, हे मी स्वतः पाहिलं, कारण मी तिथे पाहुणा होतो.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मास्तर सकाळची आणि दुपारची अशा दोन बाटल्या घेऊन आले. सकाळची निळी राहिली. दुपारची नळी दिव्यावर धरली आणि मास्तरांसमोरच ती लाल होत गेली. त्या दिवशी त्यांनी छटेवरून वादही घातला नाही. मी निकाल घेऊन त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना भरलेला होता, अक्का होती, कारखान्यातले दोघे होते. डॉक्टरांनी कागद बघितला आणि हसले. "काय मास्तर, साखरपुड्यात हात मारलात ना?"

"एक कण खाल्ला न्हाय."

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी साखर वाढते, मला माहीत आहे. पण गोळ्यांची असती तर सकाळीही दिसली असती. सकाळी स्वच्छ आणि दुपारी लाल, याचा अर्थ एकच. दुपारी तुम्ही चोरून खाता." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "का हो, असंच असतं ना?"

मी "हो" म्हणालो.

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांच्या दाराशी रोज जत्रेसारखी गर्दी असायची, आणि दहातले आठ पेशंट खरोखरच चोरून खायचे. पण मी? मी आदल्या दिवशी त्या माणसाला चूळ भरताना पाहिलं होतं. तरीही मोठा माणूस विचारतोय म्हटल्यावर माझी मान आपोआप हलली. त्या 'हो'चा मला आजही इतका राग येतो की तो आठवला की मी हातातलं काम ठेवून खोलीत येरझारा घालतो.

त्यानंतर घरात पाळत सुरू झाली. अक्का बिचारी रडत रडत डब्यांना कुलपं लावू लागली. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला त्यांना बघितलं की जिलबीच्या परातीवर फडकं टाकायचा. कारखान्यात पोरं कुजबुजायची. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर हजारो चादरींचा रंग ठरला, त्याच्या शब्दाला आता गुळाच्या खड्याइतकीही किंमत उरली नाही. मास्तरांनी कुणाशी भांडण केलं नाही. त्यांनी गोळ्या बंद केल्या.

चौथ्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले. हातात दुपारची बाटली. "पेटीव दिवा." मी नळी उकळली. निळी. स्वच्छ, तळापासून वरपर्यंत निळी. "बघ!" ते गरजले. "भाकरी तीच, भाजी तीच. फकस्त गोळी न्हाय! कोन चोर हाय? मी का गोळी? बोल की! आता चल त्या डॉक्टरकडं, आन् त्याला सांग..." आणि वाक्याच्या मध्येच ते थांबले. रागाच्या ऐन भरात मास्तर गप्प झालेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांच्या कपाळावर गार घाम होता, ओठ पांढरे पडले होते. ते बाकावर बसले नाहीत, कोसळले. टांग्यात घालून त्यांना इस्पितळात नेईपर्यंत नाडी हाताला लागेना.

इतके महिने घेतलेली ही गोळी अशी एकदम सोडायची नसते, शरीराला तिची सवय झालेली असते, जीव जाऊ शकतो. हे त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं. सलाईन लागलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पाठीवर नवे फोड उठले ते हळूहळू सुकले. आणि दुपारची नळी पुन्हा लाल झाली. डॉक्टर म्हणाले, घरून डबा येतो, त्यात काहीतरी येत असणार.

घरी आल्यावर मास्तरांनी मला बोलावणं पाठवलं. आवाज खोल गेला होता, पण डोळे तसेच होते. "रविवारी सकाळी सा वाजता ये. दिवा, नळ्या, औषध घेऊन. दिवसभर माज्यासमोर बसायचं. मी संडासला गेलो तर दारात उभं ऱ्हायचं. मी काय खातो ते तू लिवायचं."

मी गेलो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लांब रविवार. सहा वाजता निळं. न्याहारीला अर्धी भाकरी आणि ताक, मग गोळ्या. अकरा वाजता हिरवट, "मेंदी" असं त्यांनी सुधारलं. दुपारच्या जेवणाला कडक भाकरी, शेपूची भाजी, शेंगाची चटणी चिमूटभर. मीही तेच जेवलो, त्यांच्याच ताटातलं, त्यांच्याच आग्रहावरून, भाजीत काही लपवलेलं नाही याची खात्री व्हावी म्हणून. दोन वाजता नारिंगी. पाच वाजता विटकरी. मधल्या वेळात त्या माणसानं पाण्याखेरीज कशाला स्पर्श केला नव्हता. भुकेनं नजर सारखी चुलीकडे जात होती, म्हणून ते चुलीकडे पाठ करून बसले. रात्री आठला रंग पुन्हा उतरणीला लागला. अक्का भिंतीला टेकून बसली होती. पाच वाजताची नळी बघून ती तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि पदराचं किल्ल्यांचं जुडगं सोडून तिनं नवऱ्यापुढे ठेवलं. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही.

सोमवारी मास्तर, अक्का आणि मी असे तिघं दवाखान्यात गेलो. मास्तरांनी प्रत्येक वेळेचा रंग कापसाच्या सुतावर चढवून, सुताचे तुकडे पुठ्ठ्याला चिकटवून, खाली वेळ आणि खाल्लेलं लिहून आणलं होतं. कारखान्यात गिऱ्हाईकाला नमुना दाखवतात तसा. डॉक्टरांनी तो पुठ्ठा हातात घेतला. मी म्हणालो, "मी सकाळी सहापासून समोर होतो. त्यांनी काही खाल्लेलं नाही." डॉक्टरांनी एकेका सुतावर बोट ठेवत खालची वेळ वाचली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे सकाळच्या गोळीचा जोर दुपारी येतो आणि रात्रीतून ओसरतो. मी सकाळच्याच नळीवर विसंबून निर्णय घेत होतो."

त्यांनी औषध बदललं. सकाळच्या गोळीबरोबरच इन्सुलिनची सुई, दुपारचं जेवण दोन वेळा विभागून, आणि तपासणी दुपारी चारची. स्टिरॉईडही हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं कमी करायचं ठरलं. आम्ही उठलो. मास्तर उठले नाहीत.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात," ते म्हणाले. "आता सगळ्यांसमोर सांगा."

डॉक्टर लाल झाले. पण उठले, बाहेरच्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाले, "हे चोरून खात नव्हते. चूक माझी होती."

"मोठ्यानं," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी मोठ्यानं सांगितलं. बाकावरच्या एका म्हातारीला काही कळलं नाही, तिनं उगाच हात जोडले.

पुढची दोन वर्षं बरी गेली. गोळ्या दोनवर आल्या, चेहरा जवळजवळ पूर्वीसारखा झाला, मुलीचं लग्न झालं. पण वाफेत उभं राहणं आता होईना. मोठा मुलगा भिवंडीला मागावर होता, त्यानं दोघांना तिकडे बोलावून घेतलं. मी स्टेशनवर निरोप द्यायला गेलो. ते खिडकीत बसले होते, अक्का डबे लावत होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. मला माहीत होतं, तुम्ही खाल्लं नव्हतं."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे रे.

"आता सांगतोस व्हय?" ते खिडकीच्या गजांना तोंड लावून कडाडले. "गाडी सुटताना? दोन वर्सं मी तुज्या तोंडाकडं बघतोय, आज बोलंल, उद्या बोलंल! त्या रविवारी दिवसभर माज्यासमोर बसलास, तवा तोंडात काय धरलं होतंस?" आणि तिथून त्यांनी मला झाडायला जी सुरुवात केली, ती गाडीची शिट्टी झाली तरी थांबेना. प्लॅटफॉर्मवरचे हमाल थांबून ऐकू लागले. अक्का त्यांची बाही ओढत होती. मी खाली मान घालून उभा होतो, आणि खरं सांगायचं तर छातीवरचं ओझं शब्दाशब्दाला उतरत होतं.

गाडी हलली तरी ते बोलतच होते. मग एकाएकी त्यांचा आवाज खाली आला, चेहराही बदलला, आणि गजांतून हात बाहेर काढून ते मला काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही. मी गाडीबरोबर थोडा पळालो, "काय? काय म्हणालात?" असं ओरडत, पण प्लॅटफॉर्म संपला.

पत्र काही आलं नाही. ते शेवटचं काय म्हणाले असतील, याचा मी अजून अधूनमधून विचार करतो.